मानेची गाठ : दुखत नाही म्हणून सोडू नका

माणसाच्या शरीरात साधारण ६०० ते ८०० लसिका ग्रंथी असतात आणि त्यांतल्या ३०० च्या आसपास एकट्या मानेत. नाक, तोंड, घसा, दात, डोक्याची त्वचा इथून शिरलेले जंतू लसिकेबरोबर या ग्रंथींत येतात. तिथल्या पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात, आपली संख्या वाढवतात आणि ग्रंथी फुगते. घसा बसला, दाढ किडली की जबड्याखाली, डोक्यात उवा किंवा फोड झाले की मानेच्या मागच्या बाजूला अवधाण येते ते यामुळेच. हात लावला की दुखते आणि मूळ कारण बरे झाले की दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागते.

काळजी करायची ती न दुखणाऱ्या गाठीची. आपल्याकडे अशा गाठीमागे बरेचदा क्षयरोग असतो. खोकला नसतो, छातीचा एक्स-रेही अनेकदा स्वच्छ येतो, म्हणून टीबीची शंकाच येत नाही. मानेच्या बाजूला एक गाठ येते, मग शेजारी दुसरी, पुढे त्या एकमेकींना चिकटतात. दुर्लक्ष झाले तर मऊ पडतात, वरची कातडी जांभळट होते आणि गाठ फुटून महिनोन्‌महिने वाहत राहते. जुनी माणसे जिला गंडमाळ म्हणत, ती बहुतेकदा हीच.

निदान सुईच्या तपासणीने होते. बारीक सुईने गाठीतला अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, शिवाय सीबीनॅट यंत्रावर टीबीचा जंतू आणि रिफॅम्पिसिनला त्याचा प्रतिरोध, दोन्ही काही तासांत कळतात. सुई टोचल्याने गाठ भडकते, ही भीती निराधार आहे. उलट तपासणीआधीच स्टेरॉइड घेतले तर गाठ तात्पुरती बसते आणि लिंफोमासारखा कर्करोग झाकला जातो.

टीबी निघाला तर सहा महिन्यांचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पोषण आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये खात्यात जमा होतात. उपचार चालू असताना गाठ मध्येच वाढू शकते. जंतू मरताना प्रतिकारशक्ती खवळल्यामुळे अनेकदा असे होते. त्या वेळी डॉक्टरांना दाखवा, पण गोळ्या सोडू नका. टीबी फक्त गाठीत असेल तर तो खोकण्या-बोलण्यातून पसरत नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याचे कारण नाही.

तंबाखू खाणाऱ्याच्या मानेत आलेली टणक, न हलणारी गाठ मात्र तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाची खूण असू शकते. कॉलर बोनच्या वरची गाठ छातीतला किंवा पोटातला आजार सांगत असते. तिथे एक दिवसही थांबू नका.

गाठ तीन आठवड्यांत उतरली नाही, वाढत गेली किंवा सोबत संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजनात घट असेल, तर लेप-शेक करत बसू नका. सुईची तपासणी करून घ्या. वेळेवर औषध सुरू केले आणि ते पुरे केले, तर गाठीचा टीबी बरा होतो.