दिल्लीशी संबंध नसलेला ‘माउंट डिली’

मुंबईहून कोचीकडे जाताना मंगळूर मागे पडलं की डाव्या हाताचा किनारा भलताच सपाट होतो. आमच्या देवगडसारखे कडे नाहीत. सह्याद्री आत सरकलेला, पाण्यालगत नुसती माडांची रेघ. जहाजावर सेकंड ऑफिसर असताना या पट्ट्यात मी एकाच डोंगराची वाट बघायचो. चार्टवर नाव छापलेलं : माउंट डिली. लांबून तो बेटच वाटतो, कारण भोवतालची सखल जमीन अजून क्षितिजाखाली असते. जवळ गेल्यावर कळतं की हे समुद्रात घुसलेलं डोंगराळ टोक आहे. रडार असलं तरी बेअरिंग घ्यायचं ते त्याचंच.

केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या या डोंगराची उंची तीनशे मीटरही नाही. कळसूबाईच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. पण जागा अशी मोक्याची की येणाऱ्या प्रत्येक दर्यावर्दीनं त्याची नोंद केली. मार्को पोलोनं तेराव्या शतकात ‘एली’च्या राज्यातली मिरी आणि आलं वाखाणलं, शिवाय भरकटून आलेलं जहाज इथले लोक ‘देवानंच धाडलं’ म्हणत लुटतात, हेही लिहून ठेवलं. इब्न बतूता त्याला ‘हिली’ म्हणतो. 1498 मध्ये वास्को द गामाला हिंदुस्थानचा पहिला भाग दिसला तो हाच डोंगर, असं परंपरेनं मानतात. पोर्तुगीजांच्या ‘मोंते द एली’मधला ‘द’ पुढे नावालाच चिकटला आणि इंग्रजांच्या नकाशांत ‘डेली’, ‘डिली’ झालं.

स्थानिक नाव एळिमला. ‘एळु’ म्हणजे सात, म्हणून सात डोंगर, असं काही सांगतात. ‘एलि’ म्हणजे उंदीर, असं दुसरे. इथल्या राजघराण्यावर अतुल कवीनं अकराव्या शतकात संस्कृत महाकाव्य रचलं, त्याचं नाव ‘मूषकवंश’! उंदीरवाल्यांची बाजू मला तरी भक्कम वाटते. परदेशी प्रवाशांचा ‘ल’ मात्र पुरावा म्हणून धरू नये. मल्याळी ‘ळ’ त्यांच्या जिभेला कुठला झेपायला? गावकऱ्यांना विचाराल तर तिसरीच कथा : मारुती द्रोणागिरी नेत असताना त्याचा तुकडा इथं पडला, म्हणून डोंगरावर औषधी वनस्पती.

2009 पासून तिथं भारतीय नौदल अकादमी आहे. आपल्याकडची पोरंही तिथं शिकतात. पण लष्करी हद्दीमुळे वाटेल तिथं चढता येत नाही. नुसता बघायचा असेल, तर कोकण रेल्वेनं केरळला जाताना पय्यन्नूर आलं की उजवीकडची खिडकी धरावी.