कॅमेऱ्याचा तळमजला

माझ्या टेबलावर गेले आठ दिवस एक काळी, आडवी, अर्ध्या विटेएवढी वस्तू पडून आहे. सौ. टेबल पुसताना ती उचलते आणि पुन्हा होती तिथेच ठेवते. ठेवताना मात्र जरा आवाज करते. वस्तू माझी नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आहे. तो आता लग्नांचे फोटो काढतो आणि माझ्याहून बरे कमावतो. "सर, विकत घेण्याआधी वापरून तर बघा," म्हणून त्याने ती आठवड्याच्या बोलीवर दिली. तिला बॅटरी ग्रिप म्हणतात. ती घ्यावी की न घ्यावी, यावर आमच्या घरात जेवढा खल झाला, तेवढा मुलीने कोणती शाखा घ्यावी यावरही झाला नव्हता.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. माझा कॅमेरा कॅनन ८०डी, २०१६ साली बाजारात आलेला. त्याच्या पोटात एक बॅटरी असते. ती काढायची, तिचे झाकणही काढायचे, आणि त्या पोकळीत या ग्रिपची उंच मान सरकवून खालून स्क्रू आवळायचा. ग्रिपच्या खणात तशाच दोन बॅटऱ्या बसतात. शिवाय तिच्या कडेला फोटो काढायचे दुसरे बटण असते. म्हणजे कॅमेरा उभा धरला तरी हात आडव्यासारखाच राहतो. थोडक्यात, बसक्या घराखाली आणखी एक मजला काढावा, तसा हा कॅमेऱ्याचा तळमजला. काढलेले झाकण ठेवायला ग्रिपमध्येच खोबण केलेली आहे. ज्याने ती केली, त्याला माझ्यासारख्या माणसांची चांगली माहिती असली पाहिजे.

आता मला हे खूळ सुचले कुठून? दोन वर्षांपूर्वी आमच्या अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, सहस्रचंद्रदर्शन झाले. वाईहून आत्या आली होती. अण्णांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याऐंशी. दोन नातवांच्या खांद्यांवर हात ठेवून जिना चढली. एक्याऐंशी दिव्यांचे औक्षण चालू असताना तिने तबक बाजूला दिले, अण्णांच्या तोंडात पेढा भरवला, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाळ, दमलास का रे?" एक्याऐंशी वर्षांचे आमचे अण्णा एकदम सात वर्षांचे झाले. सगळी मंडळी स्तब्ध झाली. मी बटण दाबले आणि कॅमेराही स्तब्धच राहिला. पडद्यावरचे बॅटरीचे चिन्ह एकदा लुकलुकले नि विझले.

पुढच्या वर्षी आत्या गेली. तो फोटो नाही.

तेव्हापासून माझ्या मनात बॅटरीने घर केले आहे. दोन बॅटऱ्या पोटात असत्या तर, हा विचार काही केल्या जाईना. परवा तो सौ.पुढे बोलून दाखवला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मग दोन बॅटऱ्या चार्ज करायच्या राहिल्या असत्या."

हे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. त्या दिवसाचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. कंपनीच्या आकड्याप्रमाणे माझा कॅमेरा डोळ्याला लावून काढले तर एका बॅटरीत सुमारे ९६० फोटो देतो. पण मागच्या पडद्यावर बघून काढले तर तेच ३०० वर येतात. कारण उघड आहे: पडदा सतत उजळलेला आणि आतला संवेदक सतत जागा. त्या दिवशी गर्दीमुळे मी दोन्ही हात वर करून, पडद्यात बघत, सकाळपासून फोटो काढीत होतो. मधल्या वेळात प्रत्येक काकू-मावशीला तिचा तिचा फोटो पडद्यावर दाखवीत होतो. आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनापासून बॅटरी चार्ज केलेली नव्हती. दुसरी बॅटरी माझ्याकडे होती! ती घरी, टेबलाच्या खणात, खडूच्या पेटीशेजारी सुखाने पहुडली होती. सौ.चा न्याय कठोर असतो, पण पुराव्यावर आधारलेला असतो.

तेव्हा भुकेपुरते बोलायचे तर ग्रिपचे काम खिशातली एक भरलेली बॅटरी करते. ती बदलायला अर्धा मिनिट पुरतो आणि ग्रिपच्या मानाने तिची किंमत कितीतरी कमी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी वजनही करून पाहिले (डाळीचा डबा उतरवून). कॅमेरा लेन्सशिवाय ७३० ग्रॅम. बॅटऱ्यांसकट ग्रिप चारशेच्या पुढे. लेन्स चढवली की गळ्यात सव्वा किलोच्या वर ओझे. ज्येष्ठात पालखीबरोबर दिवे घाट चढायचा माझा नेम आहे. तिथे हे चारशे ग्रॅम पहिल्या वळणाला जाणवणार नाहीत, शेवटच्या वळणाला जाणवतील.

ग्रिपने कॅमेऱ्याचा वेग वाढतो, असेही मित्रांनी सांगितले होते. काही कॅमेऱ्यांत हे खरे आहे. २००८ सालचा निकॉन डी७०० सेकंदाला पाच फोटो काढतो, तोच ग्रिप आणि तिच्यात मोठी बॅटरी असली तर आठ काढतो. माझा ८०डी ग्रिपशिवाय सात काढतो आणि ग्रिपसकटही सातच. अण्णांच्या हालचाली टिपायला सेकंदाला एकही पुष्कळ आहे.

मग घोडे अडले कुठे? मनगटावर! वीस वर्षे फळ्यावर लिहून माझे उजवे मनगट कुरकुरू लागले आहे. उभा फोटो काढायचा तर कॅमेरा वळवून उजवे कोपर पंखासारखे वर उचलावे लागते. हात कापतो आणि फोटो हलतो. उलट बाजूने वळवले तर कोपर अंगालगत येते, पण मनगट मुरडते. आणि माणसाचा फोटो म्हटला की तो बहुधा उभाच. माझ्या पन्नासच्या लेन्सला या कॅमेऱ्यावर सेकंदाचा ऐंशीवा भाग तरी हवा. संध्याकाळच्या खोलीत तेवढा उजेड नसतो, आणि साठाव्या भागावर माझे निम्मे उभे फोटो फुकट जातात. ग्रिप लावून खिडकीशी बसलेल्या मुलीचे तसेच फोटो काढले, तर बहुतेक ठीक आले. हात दुखलाही नाही. हा फायदा मला नाकारता येईना. ज्याला दिवसभर लग्नात उभे फोटो काढायचे आहेत, त्याने किमतीचा विचार करीत बसू नये. माझा विद्यार्थी ग्रिप वापरतो ते शहाणपणाचेच आहे.

मी जवळजवळ घ्यायचे ठरवले होते. रविवारी सकाळी तो सगळा सरंजाम घेऊन अण्णांच्या खोलीत गेलो. ते मटार सोलत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"कोण, वर्तमानपत्रवाले का?" त्यांनी विचारले. मग मटारचे ताट बाजूला सारले, स्वेटरचे वरचे बटण लावले, केसांवरून हात फिरवला आणि भिंतीला पाठ लावून बसले. ओळखपत्रावर असतो तसा चेहरा केला. मी दहा फोटो काढले. एकही हललेला नाही. दहाही फोटो पुसून टाकण्याच्या लायकीचे.

एरवी कॅमेरा लहान असतो तेव्हा अण्णा त्याच्याकडे लक्षच देत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या आग्फा क्लिक-थ्रीला तर बॅटरीच नव्हती. एका रोलवर बारा फोटो, ते संपले की दुकान. त्या काळात वाईच्या वाड्याच्या पायरीवर त्यांनी आत्याचा काढलेला एक फोटो अजून त्यांच्या खोलीत आहे. ती तांदूळ निवडते आहे आणि कुणाला तरी काहीतरी सांगत हसते आहे. कॅमेऱ्याकडे तिचे लक्ष नाही.

सोमवारी मी ग्रिप काढून ठेवली, झाकण खोबणीतून काढून पुन्हा जागेवर बसवले आणि एक जास्तीची बॅटरी घेऊन आलो. ती आता चष्म्याच्या जुन्या घरात, शबनम पिशवीत असते. संध्याकाळी मनगटाला आधार म्हणून कोपर दाराच्या चौकटीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकवायचे, हा उपाय विद्यार्थ्यानेच सांगितला. त्याने फोटो हलणे पुष्कळ कमी झाले आहे. अगदी थांबले असे म्हणणार नाही. आणखी पाच वर्षांनी मनगट काय म्हणेल, ते तेव्हा पाहू.

सौ.ने भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक शनिवारच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी लाल शाईने 'बॅटरी' असे लिहून ठेवले आहे. काल शनिवार होता. दोन्ही भरून झाल्यावर मी अण्णांच्या खोलीत डोकावलो. ते पुन्हा मटार सोलत होते आणि एक सोलायचा, एक खायचा, असा त्यांचा क्रम चालला होता. मी कोपर चौकटीला टेकवले.