होडीप्रवासासाठी जलाशयाची निवड

कयाक या वल्ह्याच्या निमुळत्या होडीतून प्रवास, काठावर मुक्काम आणि गळाने मासेमारी हा छंद आरोग्यदायी खरा. तथापि त्यासाठी पाण्याची निवड डोळसपणे करावयास हवी.

प्रवरा नदीचेच उदाहरण घेऊ. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचा जलाशय रतनगडाच्या परिसरापर्यंत पसरला आहे. हिवाळ्यातील सकाळी त्याचे पाणी बहुधा संथ असते. धरणाखाली मात्र तीच नदी रंधा येथे खोल दरीत कोसळते. शिवाय धरणातून पाणी सोडताच कोरडे भासणारे पात्र भरून वाहू लागते. तेथे होडी घालणे वा तंबू ठोकणे जिवावर बेतू शकते.

पावसाळा सर्वस्वी टाळावा. तो रोहू, कटला आदी माशांच्या विणीचाही हंगाम होय. जलाशयातील मासेमारीचे हक्क अनेकदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांची, जलसंपदा विभागाची आणि अभयारण्य असल्यास वन विभागाची अनुमती आधी घ्यावी. पाण्याखालील खडक व खुंट कोठे आहेत, हे स्थानिक मच्छीमारांना विचारावे. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने घालावे आणि वारा वाढण्यापूर्वी काठ गाठावा.

ग्रामपंचायतींनी धोक्याच्या जागी फलक लावले आणि विसर्गाची पूर्वसूचना काठावर पोहोचविली, तर अनेक जीव वाचतील.