मुक्काम पोस्ट शरीराबाद

नगर जिल्ह्यात एके काळी सरकारी नोकराला अद्दल घडवायची असली, की त्याची बदली हिवरे बाजारला करत. १९७२च्या दुष्काळानंतर या गावाची रयाच गेली होती. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, हातीपायी धड असलेली माणसं कामाच्या शोधात शहराकडे, आणि मागे उरलेल्या गावात हातभट्टीची चलती. अशा ठिकाणी हजर होण्याचा हुकूम हातात पडलेल्या एखाद्या मास्तरचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. आलं ना थोडं हसू? आता सांगा, का आलं?

बिचारा संकटात आहे, त्यात हसण्यासारखं काय? पण नको त्या जागी बदली झालेला माणूस आपल्याला नेहमीच हसवत आलाय. तो मराठी विनोदात कधीपासून असेल? पन्नास वर्षं? शंभर? छे! साडेचारशेच्या आसपास तरी नक्की. आणि त्याला तेव्हा कागदावर उतरवणारा लेखक कोण, तर साक्षात संत एकनाथ!

नाथांचा विंचू सगळ्यांना चावलेला असतो, पण त्यांच्या भारुडांत ‘अर्जदस्त’ही आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. म्हणजे चक्क वरिष्ठांना धाडलेला सरकारी अर्ज. मायना, बंदगी, परगण्याचं नाव, सगळं हुबेहूब त्या काळच्या दप्तरातलं. अर्जदार कोण? जिवाजी शेकदार. हाताखाली कोण? बुधाजी कारकून. नेमणूक कुठे? परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी!

आणि तक्रार काय? हीच, की हुकमाप्रमाणे कामावर रुजू झालो, पण इथले बडे लोक सरकारी काम चालू देत नाहीत. मग त्या बड्यांची नावं येतात. दंभाजी शेटे. कामाजी महाजन. मनीराम देशमुख. क्रोधाजी नाईकवाडी. आणि ममताई देशपांडीण.

ही नावं एकदा मोठ्याने वाचून बघा. नुसती गंमत म्हणून ठेवलेली नाहीत ती. शेकदार हा वरून नेमलेला अंमलदार, म्हणजे आज आला, उद्या गेला. देशमुख मात्र पिढीजात वतनदार, कुठेही न हलणारा. म्हणून जीव हा बदलीवर आलेला साहेब आणि मन हा गावचा देशमुख! देशपांड्यांकडे परगण्याचं दप्तर असायचं. कुणाकडे किती येणं, कुणाचं किती देणं, यातली एकही नोंद न विसरणारी बाई म्हणजे ममताच असणार, दुसरी कोण? साहेब नवा आणि वतनदार मुरलेले. तालुक्याच्या कुठल्याही कचेरीत आजही हे नाटक बिनतालमीचं उभं राहील. त्यात वरून यमाजीपंतांचं बोलावणं येऊन ठेपतं. काम तर काहीच झालेलं नाही, आता हिशेब काय दाखवायचा?

संताला कचेरीतलं हे सगळं कळलं कुठून? नाथांनी ती आतून पाहिली होती. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचा किल्ला सांभाळायचे आणि नाथ त्यांच्या हाताखाली हिशेब बघायचे. त्यांची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एकदा हिशेबात एका पैची चूक निघाली. नाथ दिवा लावून रात्रभर वह्या उलटत बसले. पहाटेकडे पै सापडली, तशी या गृहस्थाने आनंदाने टाळीच वाजवली! गुरू जागे झाले आणि म्हणाले, पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसारातली चूक सापडली तर केवढा होईल?

कीर्तनकार गुरूच्या उत्तरावर थांबतात. मी मात्र टाळीपाशीच अडकतो. रात्रभर जागून, कुणी बघत नसताना, एका पैसाठी टाळी? पण ज्याला असा आनंद ठाऊक आहे, त्यालाच अर्जदस्त सुचतं. जिवाजी कामचुकार असता तर त्याने अर्ज कशाला लिहिला असता? देशमुखाच्या ओसरीवर सुपारी कातरत बसला असता! त्याला काम करायचंय, नीट करायचंय, आणि जमू दिलं जात नाही. आपल्याला हसू येतं ते नेमकं या ओढाताणीचं.

१९७६ मध्ये हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन अमेरिकन अभ्यासकांनी कामात समाधान कशाने येतं याची मांडणी केली. कामाचं कौशल्य एकसुरी नसावं, काम आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हातून जावं, ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं, त्यात आपल्याला काही ठरवता यावं, आणि ते जमलं की नाही हे कामातूनच कळावं. पै सापडली की सापडली, कुणी शाबासकी द्यायची गरज नाही. यातलं एकेक काढून घेत जा आणि विनोद आपोआप तयार होतो. पुलंच्या ‘असा मी असामी’तला धोंडो भिकाजी कडमडेकर जोशी हा कंपनीतला साधा कारकून, ठरवणारे सगळे दुसरेच. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये (१९६५) हवालदार कोतवालाच्या जागेकडे डोळे लावून बसलाय, आणि प्रधान तिथे आपला माणूस बसवतो. बढती हुकलेल्या त्या हवालदाराने, म्हणजे दादा कोंडक्यांनी, मग महाराष्ट्राला किती वर्षं हसवलं! २००१च्या ‘द ऑफिस’ या इंग्लिश मालिकेतला कागद कंपनीचा साहेब तर आपण सगळ्यांना आवडावं म्हणून जिवाचं रान करतो आणि नेमका नकोसा होतो. देश कुठलाही घ्या, हसणारा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाणाराच असतो.

आता परत त्या शिक्षेच्या गावात चला. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. शिक्षण एम.कॉम., नाद क्रिकेटचा. पुढे कुऱ्हाडबंदी आली, चराईबंदी, नशाबंदी आली. श्रमदानातून डोंगरउतारावर समतल चर निघाले, ओढ्यांवर बंधारे पडले, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई झाली. हे सगळं पुष्कळदा छापून आलंय. मला गंमत वाटते ती एम.कॉम.ची. या गावाने चक्क पाण्याचा जमाखर्च मांडायला घेतला! पाऊस किती मिलिमीटर पडला ते मोजायचं, विहिरींची पातळी बघायची, माणसांचं नि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात हे ग्रामसभेत ठरवायचं. पर्जन्यमापकातला आकडा वहीत लिहिणं हे खरं तर किती कंटाळवाणं काम! कुठल्याही कचेरीत त्या वहीवर धूळ बसली असती. इथे त्या आकड्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरतं, आणि आकडा लिहिणाराही ते डोळ्यांनी बघतो. नाथांच्या पैचीच जात ही!

२०२०मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. आता अधिकारी हिवरे बाजारला येतात ते शिकायला. विनोदी लेखकांची मात्र एक चांगली जागा गेली म्हणायची. तरी अगदीच निराश व्हायचं कारण नाही. विहिरीला पाणी दिसलं, की कामाजी महाजन कुठल्याही शेतकऱ्याच्या कानाशी येऊन उसाचं नाव काढणारच. म्हणून तर पाणीखाऊ पिकांचा प्रश्न हिवऱ्याने एकेकट्याच्या मनीराम देशमुखावर सोडला नाही, ग्रामसभेच्या नियमात घातला.