अबोला आणि त्यावरील उपचार

फलटणच्या जुन्या वाड्यांतून पतिपत्नींचा अबोला पूर्वीं सहसा कोणाच्या लक्षांत येत नसे. वडीलधाऱ्यांदेखत दोघांनीं एकमेकांशीं बोलणें हाच मुळीं अविनय समजला जाई. तेव्हां हीं दोघें रीत म्हणून बोलत नाहींत कीं रुसलीं म्हणून, हें ओळखावें तरी कसें? सासू, जावा, आत्या, शिक्षणासाठीं राहिलेला एखादा पाहुण्यांचा मुलगा, अशा पंधरावीस माणसांच्या राबत्यांत दोघांनीं आठ दिवस मौन धरलें तरी घराचा गलबला कमी होत नसे. 'बाळ, बाबांना सांग, पान वाढलें आहे,' एवढ्या निरोपावर संसार चाले. प्रकरण फारच लांबलें तर आत्याबाई दोघांनाहि माजघरांत बोलावून खडसावीत, आणि अबोला सुटे.

आतां ते वाडे ओस पडले आहेत, किंवा पाडून त्यांच्या जागीं सदनिका उभ्या राहिल्या आहेत. मुलगा पुण्यास, मुलगी परदेशीं. आणि चार खोल्यांत निवृत्त गृहस्थ व त्यांची पत्नी अशीं दोघेंच. नोकरी होती तोंवर बोलण्याचे विषय बाहेरून येत; मुलें घरीं होतीं तोंवर तीं निरोप पोंचवीत. आतां दोघांपैकीं एकानें तोंड मिटलें कीं सारें घर मुकें होतें. तरुणांची गतहि निराळी नाहीं. दोन पगारांवर चालणाऱ्या त्यांच्या संसारांत निरोप्याचें काम मोबाईलनें पत्करलें आहे. आत्याबाईंची जागा मात्र रिकामीच आहे.

ती जागा भरून काढण्याचें काम ज्या विद्येनें अंगावर घेतलें आहे, तिला वैवाहिक समुपदेशन म्हणतात. आमच्या सुशिक्षित घरांत तिच्याविषयीं अजून दोन समज दृढ आहेत. एक, असा उपचार वेड्यांसाठीं असतो; दुसरा, तेथें कोणी पंच बसून चूक कोणाची तें ठरवितो. दोन्ही समज खोटे होत. आत्याबाई निवाडा देत. समुपदेशक तो देत नाहीं, आणि म्हणूनच आत्याबाईंचे उपकार मान्य करूनहि आम्ही त्यास अधिक मानतों. आत्याबाईंचा निवाडा बहुधा भाच्याच्या बाजूनें पडत असे, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको.

प्रत्यक्ष घडतें तें असें. पत्नी विचारते, "अहो, विम्याच्या कागदांचें काय केलेंत?" गृहस्थ वर्तमानपत्र थोडें वर धरतात. ती पुन्हां विचारते, या वेळीं स्वर चढलेला: "मला कांहीं सांगायचेंच नाहीं ना या घरांत!" गृहस्थ उठून गच्चीवर जातात. तिच्या मतें ते बोलत नाहींत म्हणून ती टोचून बोलते. त्यांच्या मतें ती टोचते म्हणून ते बोलत नाहींत. दोघेंहि खरेंच सांगतात. एकाचा तगादा व दुसऱ्याची माघार, या रहाटगाडग्याचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांनीं विशेष अभ्यास केला आहे. सिॲटलचे जॉन गॉटमन यांनीं तर भांडणाऱ्या जोडप्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. भिंतीसारखा निश्चल बसलेला नवरा आंतून मुळींच निश्चल नसतो. त्याचे ठोके मिनिटास १०० च्या वर गेलेले असूं शकतात, आणि त्या अवस्थेंत समोरच्याचें बोलणें धड कानांत शिरत नाहीं. अशा वेळीं 'मी परत येऊन बोलतों' असें सांगून निदान २० मिनिटें दूर व्हावें, असा त्यांचा सल्ला आहे. सांगून जाणें आणि न सांगतां जाणें यांत फार अंतर आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलीं असतील, त्यांस न सांगतां निघून जाणाऱ्या पतीच्या मागें घरांत काय उरतें हें ठाऊकच आहे.

समुपदेशकाच्या खोलींत पहिली शिस्त ऐकण्याची. एकानें दोनतीन वाक्यें बोलावीं. दुसऱ्यानें उत्तर न देतां तीं आपल्या शब्दांत परत सांगावीं, आणि बरोबर समजलें काय, हें विचारावें. ऐकावयास हा पोरखेळ वाटतो. परंतु 'मी निष्काळजी आहें असें तिचें म्हणणें,' असें पतीनें सांगावें, आणि पत्नीनें उत्तर द्यावें, 'तसें नव्हे. उद्यां तुम्हांला कांहीं झालें तर कागद कोठें आहेत तेंहि मला ठाऊक नाहीं, याची धास्ती वाटते.' चाळीस वर्षांत हें वाक्य त्या घरांत उच्चारलें गेलेलें नसतें.

हें सारें परदेशी खूळ आहे असें म्हणणाऱ्यांस आम्ही फलटणांतीलच एका नांवाचें स्मरण देतों. येथील 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा ज्यांच्या नांवानें चालते, त्या कमलाबाई निंबकर जन्मानें अमेरिकन होत्या. १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं व्यवसायोपचाराची शाळा काढली, व ही विद्या आपल्या देशांत रुजविली. त्या विद्येंत भर औषधावर नसतो. गमावलेली शक्ति रोजचींच कामें पुनःपुन्हां करवून परत आणावयाची असते. पक्षाघातानें लुळ्या पडलेल्या हातास वाटी धरावयास, गुंडी लावावयास शिकवितात. प्रौढ माणसास त्यांत प्रथम कमीपणा वाटतो. बोलावयास शिकण्यांतहि तसाच वाटतो.

गुण किती येतो? ख्रिस्टेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जुनाट बेबनावानें गांजलेल्या १३४ जोडप्यांवर उपचार करून पुढें पांच वर्षें त्यांचा मागोवा घेतला व २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पांच वर्षांअखेर सुमारें निम्म्या जोडप्यांत सुधारणा टिकून होती. चौथ्या हिश्शाहून थोडीं अधिक विभक्त झालीं होतीं. ही जादू नव्हे. पण ज्या दुखण्यास आपल्याकडे 'चालायचेंच' म्हणून सोडून देतात, त्यांत निम्म्यांस गुण येणें आम्ही थोडें मानीत नाहीं. १९८४ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या कुटुंब न्यायालयांतहि समुपदेशक असतात. मात्र तेथें त्यांची गांठ पडते तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो.

एक अपवाद ठणकावून सांगितला पाहिजे. जेथें मारहाण किंवा धाक आहे, तेथें हा बोलण्याचा प्रश्नच नव्हे. दोघांस एका खोलींत बसवून मन मोकळें करावयास लावणें पत्नीच्या जिवावर बेतूं शकतें. तेथें २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, १८१ हा महिलांच्या साहाय्याचा दूरध्वनि आहे. चांगल्या घरांत असें होत नाहीं, हें वाक्य आम्ही फार वेळां ऐकलें आहे.

दुसरी गोष्ट साधी. साठीनंतर जडलेला अबोला असेल तर आधीं दोघांचेहि कान तपासून घ्यावे. ऐकूं न येणारा मनुष्य उत्तर देत नाहीं, आणि घरचीं माणसें त्यास तुसडा म्हणूं लागतात.

फलटणाहून पुणें सुमारें ११० किलोमीटर. तेवढ्या प्रवासापेक्षां 'कोणी पाहिलें तर?' ही भीतीच अधिक आड येते. आतां पुण्याचे अनेक समुपदेशक चित्र-दूरध्वनीवरूनहि भेटतात. सरकारची 'टेलि-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठींतहि बोलतां येतें. मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्याची माहिती गुप्त राखण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यानें दिला आहे. समुपदेशक निवडतांना त्याचें शिक्षण विचारण्यास संकोच करूं नये. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंद असावी लागते. आणि पतिराज 'मी येणार नाहीं' म्हणून बसले तरी पत्नीनें एकटीनें जावें. पत्नी अडून बसली तर पतीनें जावें. दोघें मिळून आलीं तर उत्तम, परंतु एकट्यासहि कोणी परत पाठवीत नाहीं.