फोटोखालची बोटभर पट्टी

मुळशी तालुक्यात डिजिटल फोटो, किनार आणि मजकूर या तिघांची सर्वांत मोठी जमवाजमव रस्त्याकडेच्या फ्लेक्सवर दिसते. पौड रस्त्याने भूगाव, भुकूम, पिरंगुट असे जाताना मधोमध वाढदिवसाचा चेहरा, भोवती सोनेरी महिरप आणि खाली शुभेच्छुकांची रांग. फ्लेक्सची कितीही चेष्टा करा, चित्राखाली नाव लागते हे त्याला कळलेले असते. घरातल्या फोटोला ते कळलेले नाही. लग्नाच्या 12 बाय 36 इंची करिश्मा अल्बममध्ये तयार पीएसडी फाइलींतल्या गुलाबपाकळ्या असतात, ‘फॉरेव्हर लव्ह’ असते. नवरीच्या मामाचे नाव नसते. पत्रिकेत एखादे नाव गाळले तर वर्षभर अबोला धरणारी आपली माणसे अल्बममध्ये सगळीच नावे गाळली तरी काही म्हणत नाहीत. माझे म्हणणे असे की छापील फोटोची किनार मुळात मजकुरासाठी असते. शोभा हा तिचा जोडधंदा आहे, आणि सध्या जोडधंद्यानेच दुकान व्यापले आहे.

हे म्हणणे मुळशीत विशेष लागू पडते. जुना फोटो आपण बहुधा पार्श्वभूमीवरून ओळखतो: देऊळ, पार, बांध, मागचा डोंगर. इथे पार्श्वभूमीच टिकलेली नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये सत्याग्रह सुरू झाला. तरी धरण झाले, त्याच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि खोऱ्यातली गावे, भातखाचरे पाण्याखाली गेली. पुढे तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी-माणच्या शेतांवर आयटी पार्क उभे राहिले. तिथल्या भातलावणीचा तीस वर्षांपूर्वीचा फोटो आज हाती आला, तर तो कुठल्या शिवारातला हे फोटोच्या आतून सांगता येणे अवघड. ते फोटोच्या बाहेर, पण त्याच कागदावर लिहिलेले असायला हवे.

कॅमेरे बनवणाऱ्यांना ही गरज फार पूर्वी उमगली होती. कोडॅकने 1914 मध्ये ‘ऑटोग्राफिक’ कॅमेरा आणला. त्याच्या पाठीवरची छोटी झडप उघडून सळईसारख्या लेखणीने फिल्मवरच तारीख, ठिकाण लिहिता येई आणि ते अक्षर फोटोबरोबर उमटे. पुढे अमेरिकेत 1950-60 च्या दशकांत कोडॅकच्या प्रयोगशाळा छापील फोटोच्या पांढऱ्या कडेवर महिना आणि साल घालत. पोलरॉइडच्या 1972 च्या एसएक्स-70 फोटोची खालची रुंद कड खरे तर रसायनांसाठी होती, पण लोकांनी तिथे नावे लिहिली. डिजिटल कॅमेरा आल्यावर तारीख-वेळ फाइलच्या पोटात गेली, कड रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या जागेत फुले येऊन बसली.

फाइलमध्ये सगळे नोंदलेले असताना पुन्हा छापायचे कशाला, असे कोणी विचारील. फाइलमध्ये वेळ असते, फार तर अक्षांश-रेखांश. माणसाचे नाव कोणी भरल्याशिवाय नसते. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो तर ही माहिती वाटेतच गमावतो, आणि आज स्टुडिओत कितीतरी फोटो छापायला त्याच वाटेने येतात. मग पाठीमागे पेनाने लिहावे? प्लॅस्टिकचा थर असलेल्या आजच्या फोटोकागदावर साधी शाई लवकर सुकत नाही, ती गठ्ठ्यातल्या पुढच्या फोटोच्या चेहऱ्याला लागते. शिवाय फोटो फ्रेममध्ये गेला की पाठ दिसतच नाही.

मजकुराने फोटो बिघडतो, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. चित्रावरच अक्षरे टाकली तर तो खराच आहे. पण त्यासाठी वेगळी जागा आयती मिळते. मोबाइलचा फोटो बहुधा 4:3 प्रमाणात असतो आणि 4 बाय 6 इंची कागद 3:2 प्रमाणात. कागद पूर्ण भरायचा तर फोटोचा नववा भाग कापावा लागतो, आणि उभ्या फोटोत तो दोन्ही कडांचा असल्याने कडेला उभी राहिलेली काकू आधी जाते. तोच उभा फोटो न कापता छापला तर 300 डीपीआयला प्रतिमा 1200 बाय 1600 पिक्सेल आणि खाली 200 पिक्सेलची, म्हणजे सुमारे 17 मिलिमीटरची, मोकळी पट्टी उरते. कापणीसाठी तळाचे 3 मिलिमीटर सोडले तरी 12 पॉइंटच्या दोन ओळी मावतात. फक्त मात्रा-उकारांसाठी दोन ओळींत अंतर जरा जास्त ठेवावे. आडव्या फोटोत ही पट्टी बाजूला येते, तिथे प्रतिमा थोडी लहान करून खाली जागा काढावी लागते. चारी बाजूंनी अगदी बारीक रेघ मात्र काढू नये. कापणी मिलिमीटरभर सरकली तरी ती वाकडी दिसते.

आता राहिली हौस. लोकांना वेलबुट्टी आवडते, स्टुडिओवाला ती देतो, त्यात त्याचा दोष नाही. बारशाच्या फोटोला पाळण्याची किनार असली तर बिघडत काहीच नाही, पण तिने पट्टीची जागा खाऊ नये. मराठी टाइप करायची अडचणही खरी आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी तुटते: ‘पिरंगुट’मधली पहिली वेलांटी प च्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपी या सॉफ्टवेअरने हे काम वर्षानुवर्षे निभावले, आणि फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत अक्षरे जुळवणारा योग्य कंपोझर निवडला की युनिकोडही नीट जुळते. तयार इंग्रजी ओळ चिकटवण्याला आता आळसापलीकडे कारण उरलेले नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो छापायला देताना ‘पेपर भरून नको, पूर्ण फोटो हवा’ एवढे सांगा. चिठ्ठीवर नावे डावीकडून उजवीकडे, मग गाव आणि वाडी, शेवटी साल लिहून द्या, आणि छपाईआधी स्क्रीनवर वेलांट्या वाचून घ्या.