सण तिथीचा, पेरा वाफशाचा

शरद् सरून हेमंत लागतो, त्या संधिकाळचे आपले सण मूळचे शेतांतलेच होत. घटस्थापनेस पत्रावळीवर काळी माती पसरून तींत धान्यें पेरितात. दसऱ्यास तेच पिवळे कोंब देवास वाहून टोपींत खोवितात. कोंकणांत आश्विनी पौर्णिमेस नवान्न होतें. भाताच्या लोंब्या, कुरडूचीं फुलें व आंब्याचीं पानें गुंफून 'नवें' दारास बांधितात. पुढें मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें पुन्हां ताटांत येतें.

या परंपरेचा आम्हांस अभिमान आहे. तथापि एका गोष्टीकडे शेतकरीबंधूंचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें. हे सण चांद्र तिथीनें येतात. ऊन व थंडी मात्र सूर्याच्या मागें जातात. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान. ती तूट अधिक मासानें भरून निघते. म्हणून सण मागें-पुढें सरतात. सन २०२३ मध्यें श्रावण अधिक होता. त्या वर्षीं दसरा २४ ऑक्टोबर रोजीं आला. सन २०२५ मध्यें तो २ ऑक्टोबर रोजींच झाला.

कोरडवाहू रब्बी ज्वारीचा पेरा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधावा लागतो. फार लवकर पेरल्यास खोडमाशी पडते. उशीर झाल्यास ओल उडून कणीस भरत नाहीं. 'दसरा झाला कीं तिफण धरूं' असें म्हणणाऱ्याचा हंगाम २०२३ सालीं हुकलाच असता. उलट २०२५ सालीं तारीख सोयीची होती, पण मराठवाड्यांत अतिवृष्टीनें कित्येक रानांत वाफसाच नव्हता. वाडवडील सण तिथीवर पाळीत, पेरा मात्र नक्षत्रावर धरीत. आणि सूर्य हस्तांत शिरतो तो दरवर्षीं २७ सप्टेंबरच्या सुमारासच. त्या दिवसांत रान पाहावें, मूठभर माती दाबून ओल अजमावावी व वाफसा येतांच पेरावें.

घटाचाही उपयोग करून घ्यावा. पेरावयाच्या बियाण्यांतले १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे. ज्वारीचे ७५ हून कमी उगवले, तर तें बियाणें रानांत नेऊं नये. देव्हाऱ्यांतील कोंब पाहून आनंद होतोच. तोच आनंद मार्गशीर्षांत शेताच्या बांधावर उभें राहून व्हावा, एवढीच आमची इच्छा आहे.